चौलला दोन रात्री: घणसोलीच्या ताईंना सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे: "आम्ही घणसोलीत राहतो. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. दोन रात्री कुठल्यातरी जुन्या, शांत गावात राहायचं आहे. रिसॉर्ट नको, पळापळ नको. इतिहासाची आवड आहे, पण ठिकाणं उरकत फिरायचं नाही. कुठे जावं, कसं जावं, आणि मुलगा कंटाळणार नाही ना?"

ताई, मी ठाण्यातून छोटे गट घेऊन कोकणातल्या गावांत जाते. त्यात बरीच माणसं साठीच्या पुढची असतात. त्यामुळे गुडघे, जिने, पथ्याचं जेवण आणि दुपारची झोप हे सगळं धरूनच मी आखणी करते. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे चौल, आणि त्याला लागूनच असलेला रेवदंडा. अलिबागच्या पुढे सतरा-अठरा किलोमीटरवर, कुंडलिकेच्या मुखाशी.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. चौल म्हणजे चौलच. 'एवढ्या लांब जातोय तर काशीद, मुरूड आणि जंजिराही करून येऊ' हे वाक्य घरात कोणीतरी म्हणणारच, बहुतेक तुमचे यजमान. तिथेच थांबवा. जंजिरा पाहायलाच हवा, पण त्यासाठी वेगळी सहल काढा. तो या दोन दिवसांत घातलात तर एक अख्खा दिवस गाडीत आणि होडीच्या रांगेत जाईल, सासूबाईंचे गुडघे सुजतील आणि घरी परतल्यावर आणखी एक सुट्टी घ्यावीशी वाटेल. माझ्या गटांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. माणसं दमतात ती चालून कमी, गाडीत चढून-उतरून जास्त.

मग चौलच का? कारण तिथला इतिहास तिकीट काढून बघायचा नाही. तो वाड्यांत, तळ्यांत, देवळांत आणि लोकांच्या परसात पसरलेला आहे. नारळ-पोफळीच्या सावलीतून सकाळी तासभर चाललात की जे दिसायचं ते दिसतं. नाही दिसलं तरी सावलीत चालणं झालंच.

आज शांत दिसणारं हे गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचं फार मोठं बंदर होतं. ग्रीक-रोमन काळातल्या लिखाणात ते सिमिल्ला, सेमिल्ला अशा नावांनी येतं. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. अल-मसुदी इ. स. ९१६ च्या सुमारास तिथे आला होता. त्या वेळी उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं आणि झंझ नावाचा राजा गादीवर होता. ओमान, बसरा, बगदाद, सिराफ इथून आलेले व्यापारी आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलंबाळं मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान या गावात राहतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याच शिलाहारांच्या काळातलं 'स्थानक' नावाचं नगर म्हणजे आपलं ठाणं. ठाण्याच्या कोपिनेश्वराला जाणाऱ्या माणसाला चौलच्या रामेश्वरासमोर उभं राहिल्यावर परकं वाटत नाही, ते यामुळेही असेल.

पुढे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे जहाजातून उतरला. त्याच्याबरोबर विकायला आणलेला एक घोडा होता. इथून तो घाट चढून जुन्नरला गेला, तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि त्याला बरीच यातायात करून तो परत मिळवावा लागला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. हा माणूस त्याच्या आधी येऊन गेला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. मुलाला ही गोष्ट गाडीतच सांगून ठेवा, घोड्यासकट.

पोर्तुगीज आले ते लढाईनेच. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून त्यांना गाठलं. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मैदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. तरी काही वर्षांतच त्यांनी निजामशाहीकडून परवानगी मिळवून रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने त्याला वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. पोर्तुगीज तिथून गेले ते मराठ्यांमुळे. चिमाजी आप्पांच्या मोहिमेचा क्रम ठाणेकरांना पाठ असायला हवा: १७३७ ला ठाण्याचा किल्ला, १७३९ ला वसई आणि त्याच्याच ओघात १७४० ला चौल-रेवदंडा. आज मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला आपल्याला आतून बघता येत नाही. त्याच गोष्टीचा पुढचा भाग रेवदंड्यात मोकळ्यावर उभा आहे.

आता जायचं कसं. गाडी असेल तर सकाळी सहाला घणसोली सोडा. ठाणे-बेलापूर रस्ता, कळंबोली, पनवेल, पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्ग, कर्नाळा, पेण आणि वडखळला अलिबागकडे वळायचं. पुढे पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतलं आहे, पण वडखळ आणि नागाव ही दोन ठिकाणं शनिवारी सकाळी तुमची परीक्षा बघतात. नागावचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं आणि समोरून पर्यटकांच्या गाड्या. म्हणून जमत असेल तर सोमवार ते बुधवार जा. मुलाची शाळा तीन दिवस बुडाली तरी चालेल, असं मी स्पष्टच म्हणते. तेच गाव, त्याच खोल्या, पण शनिवार-रविवारी मिळते त्याच्या दुप्पट शांतता.

गाडी नसेल तर पनवेलहून अलिबागची एसटी आणि अलिबागहून रेवदंड्याची. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे असतील तर त्यांना एसटीत तिकीटच नाही. नसतील तरी महिला म्हणून तुम्हा दोघींना अर्धं तिकीट. आधारकार्ड जवळ ठेवा.

तिसरी एक वाट आहे, नवी मुंबईकरांसाठी खास. नेरूळहून उरणची लोकल जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते. उरण स्टेशनहून रिक्षाने करंजा, तिथून लाँचने खाडी ओलांडून रेवस आणि रेवसहून अलिबागकडे. ही वाट मला फार आवडते. महामार्ग टळतो आणि समुद्र पहिल्या तासातच भेटतो. पण धक्क्याच्या पायऱ्या, लाँचमध्ये पाय टाकतानाचा हिसका आणि तीन वेळा वाहन बदलणं, हे दुखऱ्या गुडघ्यांना झेपणारं नाही. तुम्ही दोघंच जाल तेव्हा ती वाट धरा.

राहायला घरगुती खोली घ्या, वाडीतली. चौल-रेवदंड्यात अशी घरं बरीच आहेत. फोटो बघून ठरवू नका, फोन करून बोला. खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, न्हाणीघराला उंबरा किती उंच, वीज गेली तर पंखा चालतो का, हे चार प्रश्न सासूबाईंसाठी. पाचवा प्रश्न तुमच्यासाठी: शेजारच्या खोल्यांत मोठा गट आहे का आणि रात्री स्पीकर लावायला परवानगी आहे का? मालक म्हणाला, 'दहापर्यंत चालतं,' तर दुसरं घर बघा. आणि जेवण घरचंच आहे ना, हे विचारा. बाहेरून मागवून देणारी घरंही असतात, तिथे जाण्यात अर्थ नाही. वाडीत डास असतात, पावसाळ्यानंतर तर फारच. ओडोमॉस घ्याच, आणि मच्छरदाणी मागितली तर बहुतेक ठिकाणी मिळते.

जेवणाचं आदल्या दिवशी सांगायचं. शहरात मेनू बघून मागायची सवय असते, इथे सकाळी बाजारात काय आलं त्यावर ठरतं. 'ताजं जे मिळेल ते करा,' असं सांगितलंत की पानात चांगलं येतं. बोंबील असतील तर बोंबील, कोळंबी असेल तर कोळंबी, सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. सासूबाई शाकाहारी असतील तर वालाचं बिरडं सांगा. वाल रायगडचेच, आणि त्या घरांतल्या बायकांचा हात त्यावर बसलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर पोपटी मिळते का विचारा. वालाच्या शेंगा, अंडी किंवा कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात रचून ते मडकं जाळावर उपडं ठेवतात. ती रात्री, उघड्यावर, माणसं जमवून करायची गोष्ट आहे, दोन ताटांसाठी कोणी लावत नाही. तुमच्या घरमालकाच्या घरी त्या आठवड्यात बेत असेल तर तुम्हीही त्यात सामील व्हा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीची अपेक्षा धरू नका.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास पोचाल. काही करू नका. जेवा, झोपा. साडेचार-पाचला सगळ्यांनी मिळून रामेश्वराला जा. देवळापुढे मोठी पुष्करणी आहे. कट्ट्यावर सासूबाईंना बसायला छान जागा आहे, त्यांना तिथून हलवू नका. देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड आहेत, असं गावकरी दाखवतात. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायचं, अशी परंपरा सांगतात. पुजाऱ्यांना किंवा कट्ट्यावर बसलेल्या कोणा आजोबांना विचारलंत तर ते तुम्हाला चौलच्या तीनशे साठ देवळांची आणि तितक्याच तळ्यांची गोष्ट सांगतील. आकडा मोजायच्या फंदात पडू नका. ठाण्याच्या साठ तळ्यांसारखाच हा आकडा गावाच्या अभिमानाचा आहे. पण दुसऱ्या दिवशी चालताना वळणावळणावर एखादं शेवाळलेलं तळं, एखादं घुमटीएवढं देऊळ लागतं, तेव्हा तो आकडा अगदीच हवेतला वाटत नाही.

दुसरा दिवस रेवदंड्याच्या किल्ल्याला द्या, पण सकाळी सात ते नऊ एवढाच. किल्ला म्हटलं की आपण चढण डोळ्यांसमोर आणतो. इथे चढण नाही. गावाचा मोठा भाग किल्ल्याच्या तटाच्या आतच वसलेला आहे, घरं आणि नारळाच्या वाड्या यांच्यामधून चर्चचे आणि मठांचे अवशेष डोकावतात. एखाद्याच्या विहिरीमागे कमान, एखाद्या गोठ्याशेजारी कोरीव दगड. सगळ्यांत उंच जो मनोरा दिसतो त्याला सातमजली किंवा सातखणी म्हणतात. तो फ्रान्सिस्कन चर्चचा भाग होता. वरचे मजले पडले आहेत. त्याच्या आत किंवा वर चढायला मुलाला अजिबात देऊ नका, बांधकाम सैल आहे. जमिनीवरून मान वर करून बघण्यातच त्याची उंची कळते.

इथे एक विनंती करते आणि ती मनापासून आहे. या वाड्या लोकांच्या आहेत. फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं नाही. 'आत येऊन बघू का?' असं विचारलं की नाही म्हणणारी माणसं मला क्वचितच भेटली. उलट पोफळीची ओळ, शिंपण्याचे पाट, जुन्या विहिरीवरचा बंद पडलेला रहाट, सगळं हौसेने दाखवतात. पडलेली सुपारी उचलून खिशात घालायची नाही, तो त्यांचा वर्षाचा माल आहे. अंगणात काम करणाऱ्या बायकांचे न विचारता फोटो काढायचे नाहीत. जुन्या गावात राहायला जाणं म्हणजे कोणाच्या तरी घरी जाणं आहे, आणि आपल्या वागण्यावर पुढच्या पाहुण्यांचं स्वागत ठरतं.

किनारा संध्याकाळी. रेवदंड्याची वाळू काळसर आहे, तटाच्या पायथ्याशी लांबवर पसरलेली. ओहोटीला तटाला लागून चालता येतं, भरतीला पाणी पार आत येतं. म्हणून जायची तारीख ठरवतानाच तिथी बघा. कोळ्यांचा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे रात्री नऊला ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे संध्याकाळचा किनारा गेलाच. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या आसपास, म्हणजे सूर्य मावळताना पाणी सगळ्यांत दूर. तुमच्यासाठी पौर्णिमेच्या आगेमागचे दोन दिवस उत्तम. थोडा फरक पडतो, पण बेत आखायला हा हिशोब पुरतो. मात्र पोहायला कोणी उतरू नका. खाडीचं तोंड जवळ आहे आणि ओढ जबर असते. घोट्यापर्यंत पाणी, बस.

मार्गशीर्ष पौर्णिमा मात्र टाळा. त्या वेळी चौलच्या डोंगरावर दत्ताची मोठी यात्रा भरते. यात्रा बघायला म्हणून कधीतरी जरूर या, मिठाईच्या दुकानांपासून घोंगड्यांपर्यंत सगळं असतं, पण विश्रांतीसाठी तो आठवडा नाही. एरवी दत्ताच्या डोंगराला तुम्ही, यजमान आणि मुलगा तिघंच पहाटे जा. शेकडो पायऱ्या आहेत, सासूबाईंना नेऊ नका. वरून नारळीच्या शेंड्यांचं हिरवं पठार, पलीकडे समुद्र आणि त्यात घुसलेला कोर्लईचा डोंगर दिसतो. शेजारच्याच टेकडीवर हिंगळाजदेवी आणि जुनी बौद्ध लेणी आहेत. बंदर किती जुनं आहे याची खात्री तिथे पटते, कारण लेणी खोदायला पैसा लागतो आणि तो पैसा व्यापाऱ्यांकडून येत असे.

कोर्लई खाडीपलीकडे आहे, साळावच्या पुलावरून जायचं. किल्ला १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला. चढ सोपा आहे, पायथ्याला दीपगृह. गावातला ख्रिस्ती समाज पोर्तुगीजातून तयार झालेली स्वतःची बोली आजही घरात बोलतो, मराठीबरोबर. मी कोर्लई ऐच्छिक ठेवते. दुसऱ्या दिवशी दुपारी झोप झाल्यावर अंगात उत्साह असेल तर जा, नसेल तर ओसरीवर बसा.

रेवदंड्यात बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉगही आहे. रायगडच्या किनाऱ्यावर हा समाज शतकानुशतकं राहिला, तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. चेऊलकर, पेणकर, किहीमकर ही त्यांच्यातली आडनावं आहेत. ठाण्यात १८७९ चं शार हशामायिम सिनेगॉग आहे. तिथे प्रार्थनेला येणाऱ्या अनेक कुटुंबांची मुळं याच पट्ट्यातली. आत जायचं असेल तर आधी विचारा, ती प्रार्थनेची जागा आहे.

चौलमधल्या हमामखाना, राजकोट, कलावंतिणीचा वाडा या जुन्या अवशेषांची नावं तुम्ही वाचली असतील. पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत तिथे गवत आणि झुडपं माजलेली असतात, साप-विंचवाचंही बघावं लागतं. मुलाला घेऊन तिथे जाऊ नका. तेवढ्याने काही चुकत नाही.

आता मुलाचं. नऊ वर्षांचा मुलगा पहिल्या दुपारी 'मी काय करू?' म्हणणारच. लगेच मोबाइल हातात देऊ नका आणि लगेच कुठे नेऊही नका. तास-दीड तास तो तसाच घालवेल, मग स्वतःच काहीतरी शोधेल. माझ्या गटांतल्या नातवंडांचं मी हेच पाहत आले आहे. विहिरीत वाकून बघणं (कोणीतरी जवळ उभं राहा), नारळ सोलायच्या सुळ्यावर मालक नारळ कसा सोलतो ते बघणं, झाडावर चढणाऱ्या माणसाच्या पायातला दोर बघणं. घरमालकाला आधी सांगून ठेवलंत तर तो नारळ पाडण्याचं काम तुम्ही असताना ठेवतो. तिथीचा हिशोब मुलालाच करायला द्या. पहिल्या संध्याकाळी त्याने काढलेली ओहोटीची वेळ खरी ठरली की तुम्हाला किनाऱ्यावर नेण्याचं काम तोच अंगावर घेईल.

तिसऱ्या दिवशी जेवून दोनपर्यंत निघा. परतीच्या वाटेवर आक्षीला पाच-दहा मिनिटं थांबा. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांपैकी एक म्हणून त्याची गणना होते. नेमकी जागा रिक्षावाल्याला किंवा दुकानदाराला विचारा. फेब्रुवारी ते मे या काळात असाल तर अलिबागच्या आसपास रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. त्याला भौगोलिक मानांकन आहे. चव गोडसर, कच्चा खायला उत्तम. शक्यतो शेतकऱ्याकडून घ्या, पात कोरडी आणि कांदा घट्ट आहे हे बघून. घरी आल्यावर पिशवीत कोंबू नका, वेणी तशीच हवेशीर जागी टांगा. साडेतीनच्या आत वडखळ ओलांडलंत तर दिवे लागायच्या आधी घणसोलीत असाल.